उरलेले, शिळे आणि उष्टे



रविवारची मिस्सा आटोपून आपण घरी जातो. त्या दिवशी स्वयंपाक जरा जास्तच होतो. कुणी पाहुणा येतो, कुणी येणार म्हणून येत नाही. रात्री भांडी घासायला काढताना लक्षात येते की टोपलीत चार पोळ्या आहेत, पातेल्यात वाटीभर वरण आहे, भात तर निम्मा तसाच आहे. मग घरात रोजचा प्रश्न उभा राहतो : या उरलेल्याचे काय करायचे?

प्रश्न लहान आहे आणि त्याचे उत्तर आपल्याला लहानपणीच शिकवलेले आहे : अन्न टाकू नये. ते उत्तर बरोबरच आहे. पण या उत्तराच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपण सहसा विचारत नाही. अन्न टाकायचे नाही हे ठरले. मग ते खायचे कुणी? आजचा आपला विचार या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

आपल्या मराठीत यासाठी तीन वेगवेगळे शब्द आहेत. ताटात न वाढलेले, भांड्यातच राहिलेले ते उरलेले. रात्र उलटून गेलेले ते शिळे. आणि ज्याला कुणाचे तोंड किंवा खरकटा हात लागला ते उष्टे. आपल्या आयाबाया हे तीन शब्द कधी एकमेकांत मिसळत नाहीत. आपण मात्र देताना पुष्कळदा मिसळतो. घरात ज्याला शिळे म्हणतो, तेच दारात आलेल्याला देताना ‘थोडे उरले होते’ असे म्हणतो. शब्द बदलला की मन हलके होते, पण अन्न तेच राहते.

आपल्या जिल्ह्यात या विषयाची एक गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. आपले शेजारी, आपले मित्र ती श्रद्धेने सांगतात. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर जेवणावळीच्या पत्रावळी टाकलेल्या होत्या. त्यांतली शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवाल यांच्या नजरेस पडला. तेच पुढे गजानन महाराज म्हणून सर्वदूर ओळखले गेले. या गोष्टीकडे आपण शेजारधर्माच्या आदराने पाहतो. अन्नाचा कणही मोलाचा असतो, हा तिचा बोध सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यात आणखी एक बारकावा आहे. पाहणाऱ्यांनी काय केले? ‘बरे झाले, उष्टे वाया गेले नाही,’ असे म्हणून ते पुढे निघून गेले नाहीत. त्यांनी घरातून अन्न वाढून आणवले आणि त्यांच्यापुढे ठेवले. खाणाऱ्याने कणाचा मान राखला आणि पाहणाऱ्यांनी माणसाचा. दोन्ही मान एकाच अंगणात राखले गेले.

आपली अडचण अशी आहे की पुष्कळदा आपण एकच मान राखतो.

अन्नाचा मान का राखायचा हे आपल्या भागात कुणी शिकवायला नको. आपल्या धर्मग्रामात आज जे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेलेले हात, तिथे वाटली जाणारी सुकडी, परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी नीट थापलीही जात नसे, पण ती टाकायचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. असे दिवस पाहिलेला माणूस ताटातले शीत बोटाने टिपून घेतो. नातवंडे हसतात. त्यांनी हसू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला साठ टक्के वाटा घरांतला होता. म्हणजे आपण ज्या हॉटेलांना आणि लग्नांना नावे ठेवतो, त्यांच्यापेक्षा तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरांचा दोष मोठा. आपल्या देशात घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते, असा त्यातला अंदाज आहे. यात साली, देठ अशा न खाण्याच्या भागाचेही वजन धरलेले आहे. तरी पाच माणसांच्या घराचा हिशेब केला तर वर्षाला पावणेतीन क्विंटल होतात. शेतकऱ्याला पावणेतीन क्विंटल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, रोममधील आपल्या प्रबोधनात याच विषयाला हात घातला होता. आपले आजी-आजोबा उरलेले अन्न टाकू नये म्हणून किती जपत असत याची त्यांनी आठवण करून दिली आणि टाकलेले अन्न हे जणू गरिबाच्या ताटातून चोरलेले अन्न आहे, अशा अर्थाचे कठोर बोल ऐकवले. चोरी हा शब्द आपल्याला टोचतो. टोचायलाच हवा.

इथपर्यंत आपल्या सर्वांचे एकमत होईल. आता जरा अवघड भागाकडे येऊ.

चोरीचा डाग लागू नये म्हणून आपण अन्न टाकत नाही, देऊन टाकतो. आपल्या भाषेतला हा ‘देऊन टाकणे’ शब्दप्रयोग फार प्रामाणिक आहे. त्यात देणेही आहे आणि टाकणेही आहे. कोणते किती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आपल्या महाराष्ट्रात उरल्यासुरल्या अन्नाला एक कडू इतिहास आहे आणि आपल्यातल्या अनेक घरांनी तो भोगलेला आहे. गावकीची कामे वर्षभर करायची आणि त्याबदल्यात संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. ती वरून, अंग चोरून, पदरात टाकली जायची. ताजी असेल याची खात्री नाही. सणावारी पंगत उठल्यावर जे उरेल ते. यालाच हक्क म्हणायचे! १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि लोकांनी टाकलेले शिळे तुकडे घेणेही सोडा. पोटाला चिमटा बसेल हे त्यांना ठाऊक होते. तरीही सांगितले. कारण त्या तुकड्यासोबत माणूस स्वतःविषयी एक मत गिळत असतो : आपण एवढ्याच लायकीचे आहोत. १९७८ साली प्रसिद्ध झालेले दया पवारांचे ‘बलुतं’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

म्हणून आपल्या धर्मग्रामातली एखादी म्हातारी आई कुणाच्या घरचे शिळे हाती घेत नसेल, तर तिला गर्विष्ठ म्हणू नये. तिच्या आजीने जे सोडले ते ती जपते आहे.

मग करायचे काय? अन्न टाकले तर चोरी आणि दिले तर अपमान, असा हा पेच आहे का? आपला विश्वास या पेचातून वाट दाखवतो असे आम्हांला वाटते.

संत योहानच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय आठवू या. पाच हजार पुरुष, पाच भाकरी, दोन मासे. भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या. आपल्याकडे ज्वारीच्या म्हणाव्यात तशा. सर्वांचे पोट भरल्यावर प्रभूने शिष्यांना सांगितले की उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून एवढे अन्न आले, त्याला तुकड्यांची चिंता का असावी? जो हजारांना पुरवू शकतो त्यालाही तुकडा मोलाचा वाटतो, हा पहिला धडा. पण या प्रसंगातला क्रमही पाहावा. आधी सर्व जेवले, पोटभर जेवले, बसून जेवले. गोळा करणे त्यानंतर झाले. काही जणांना ताजे आणि काही जणांना गोळा केलेले, असे तिथे घडले नाही. ज्यांना टोपल्या उचलायला सांगितले ते कुणी नोकर नव्हते. ते शिष्यच होते, ज्यांनी जवळून सारे पाहिले होते. उरलेल्याची जबाबदारी प्रभूने आपल्या सर्वांत जवळच्या माणसांवर टाकली.

जुन्या करारातली रूथची गोष्ट तर याहून घरगुती आहे. परदेशातून आलेली विधवा सून बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. कापणीत शेताच्या कडा सोडून द्याव्यात, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत, असा इस्राएलात नियमच होता. हे गरिबाला दिलेले उरलेले आहे, पण कसले? उभ्या पिकातले, ताजे, आणि आधीच राखून ठेवलेले. मालकाचे पोट भरल्यावर सुचलेले नव्हे. दुपारी बवाज रूथला कापणाऱ्यांच्या पंगतीत बोलावतो आणि आपल्या हाताने भाजलेले दाणे देतो. आपल्याकडच्या हुरड्याची आठवण व्हावी असा तो प्रसंग आहे. ती पोटभर खाते, थोडे उरवते, आणि ते उरलेले संध्याकाळी घरी सासूला, नामीला देते. सुनेने सासूला उरलेले दिले. पण त्या घासात नामीला अपमान वाटला नाही. कारण सून ज्या पंगतीत मानाने बसली होती, त्याच पंगतीतला तो घास होता. तो तिने नको झाला म्हणून दिला नाही, सासूची आठवण ठेवून बाजूला ठेवला होता.

आणि तिसरा दाखला आपल्या चर्चमध्येच आहे, दर रविवारी आपल्या डोळ्यांसमोर. परमप्रसाद वाटून झाल्यावर फादर थाळीतला कणदेखील जपून टिपून घेतात. जो परमप्रसाद उरतो तो वेदीजवळच्या पवित्र पेटीत ठेवला जातो आणि तिथे दिवा तेवत राहतो. तो कुणासाठी राखलेला असतो? जे अंथरुणाला खिळले आहेत, मिस्सेला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. ही रीत आजची नाही. दुसऱ्या शतकात संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे की जे उपस्थित नसत त्यांच्याकडे सेवक तो पवित्र भाग पोहोचवत असत. म्हणजे ख्रिस्तसभेच्या घरातही ‘उरते’. पण जे उरते ते मागच्या दाराने बाहेर जात नाही. ज्या आदराने ते वेदीवर होते त्याच आदराने ते खाटेवरच्या आजाऱ्यापर्यंत जाते. त्याला वेगळा, कमी दर्जाचा प्रसाद मिळत नाही. आपल्याला मिळाला तोच त्यालाही मिळतो.

या तीन दाखल्यांतून एक साधी कसोटी हाती लागते. उरलेले जपावे, पण ते आपल्याच ताटाचे म्हणून जपावे. जे आपण स्वतः आत्ता, आनंदाने खाऊ, तेच दुसऱ्याला द्यावे. जे आपल्याला नको झाले म्हणून त्याची आठवण झाली, ते दान नव्हे.

ही कसोटी आधी घरात लावून पाहू. आपल्या घरांत शिळे कोण खाते? खरे बोलायचे तर आई खाते, नाही तर सून. पुरुष आणि मुले ताज्या पोळीवर बसतात आणि ती चुलीपाशी कालची संपवते. आम्हीही वर्षानुवर्षे समजत आलो की आईला शिळी भाकरीच आवडते. दूध घालून, नाही तर ठेच्याबरोबर ती इतकी मनापासून खायची की आम्हांला शंकाही आली नाही. ती आजारी पडली आणि ताटे आम्ही वाढू लागलो, तेव्हा सवयीने तिच्या ताटात कालची भाकरी ठेवली. ती काही बोलली नाही. पण तव्यावरच्या गरम भाकरीकडे तिने ज्या नजरेने पाहिले, ती नजर आम्ही विसरू शकत नाही. तिची आवड आम्ही तिला कधी विचारलीच नव्हती. आमच्या सोयीला आम्ही तिची आवड असे नाव दिले होते.

तेव्हा पहिला नियम हा : घरात शिळे असेल तर ते आधी कर्त्या पुरुषाच्या पानात पडावे किंवा सर्वांच्या पानात सारखे पडावे. कुस्करा करा, फोडणीचा भात करा, उरलेले वरण पिठात घालून थालीपिठे लावा, कालच्या बट्ट्या कुस्करून परता. आपल्या बायकांचे हात यात तरबेज आहेत. ते करायला पुरुषांनी शिकण्यातही काही कमीपणा नाही. एकाच कढईतले सर्वांनी खाल्ले की त्यातला शिळेपणाचा सल जातो.

दुसरा नियम शहाणपणाचा. अन्न टाकू नये म्हणून ते अंगावर काढूही नये. घाटावर हवा जरा बरी असते, पण घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात सकाळचे वरण संध्याकाळी आंबते. भाताच्या बाबतीत तर विशेष जपावे. शिजवल्यावरही त्यात काही जंतूंची बीजे टिकून राहतात. भात उबेत तसाच राहिला की ती वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उरणार असे दिसताच भात पसरट भांड्यात लवकर निववावा आणि फ्रिज असेल तर दोन तासांच्या आत आत ठेवावा. बुरशी आलेली भाकरी वरून खरवडून खाऊ नये, कुणाला देऊही नये. खराब झालेले अन्न मातीला द्यावे, त्याचे खत होते. त्यात पाप नाही. चूक झाली ती अंदाज न घेता जास्त रांधण्यात. तिची दुरुस्ती उद्याच्या मापात करावी.

तिसरा नियम बाहेर देण्याविषयी. इथे आमचीच एक फजिती सांगतो. एका घरगुती कार्यक्रमानंतर बरेच जेवण उरले. चांगले होते, त्याच दिवसाचे होते. आम्ही मोठ्या समाधानाने पातेली गाडीत घालून गावाबाहेरच्या वीटभट्टीवर गेलो. तोवर दिवस मावळला होता. तिथल्या एका बाईने भांडी उतरवून घेतली, पण ती हळूच म्हणाली, “आंधी सांगतलं असतं त चूल नसती पेटवली.” पाहिले तर प्रत्येक झोपडीपुढे भाकरी थापून झालेल्या होत्या. दिवसभर विटा वाहून, सरपण गोळा करून त्या बायांनी रांधले होते. आता एक तर त्यांचे वाया जाणार होते, नाही तर आमचे. आम्ही आमच्या घरची नासाडी उचलून त्यांच्या घरात नेऊन ठेवली होती, आणि वर पुण्य पदरात बांधून परत निघालो होतो!

त्या बाईने आम्हांला एका वाक्यात धडा दिला. ज्याला द्यायचे त्याला आधी विचारावे. सकाळीच सांगावे की संध्याकाळचे जेवण आमच्याकडून. म्हणजे मग ते उरलेले राहत नाही, आमंत्रण होते. शेजारच्या, त्या वेळच्या औरंगाबाद शहरात २०१५ च्या डिसेंबरात युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली, तिचे सूत्र हेच होते : आपल्या घरी त्या दिवशी जे शिजले त्यातल्या ताज्या पोळ्या आणि भाजी आधी काढून आणून द्या. शेवटी उरले तर नव्हे, सुरुवातीला काढून. बवाजाने शेताच्या कडा राखल्या, त्यातलाच हा प्रकार.

कुणी म्हणेल, भुकेल्याला ताजे काय आणि उरलेले काय, पोट भरणे महत्त्वाचे. त्यात तथ्य आहे. रात्री दारात कुणी खरोखर उपाशी उभा राहिला आणि घरात फक्त दुपारचे असेल, तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवून ते गरम करून द्यावे. ताटात वाढून, बसवून, पाणी विचारून द्यावे. मान अन्नाच्या ताजेपणातच असतो असे नाही, तो देण्याच्या रीतीतही असतो. संत लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस आठवा. लाजर त्याच्या दाराशी पडलेला होता आणि मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांची आस धरून होता. श्रीमंताने त्याला तिथून हाकलल्याचे कुठे लिहिलेले नाही. कदाचित काही तुकडे लाजरला मिळतही असतील. श्रीमंताचे चुकले ते हे की मेज आणि दार यांमधले चार पावलांचे अंतर तो जन्मभर चालून गेला नाही.

आपल्या घरातही ते अंतर आहे. कधी ते मेजापासून दारापर्यंतचे असते, कधी पाटापासून चुलीपर्यंतचे.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करू या. रात्री टोपलीत ज्या भाकरी उरतील त्या उद्या सकाळी कुणाच्या ताटात जातात ते पाहू या. त्या ताटात आपणहून आपला हात घालू या आणि गरम भाकरी तिच्याकडे सरकवू या. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी एक मूठ पीठ वेगळे काढू या, म्हणजे ज्याला द्यायचे त्याला शेवटचे नव्हे, पहिले मिळेल. आणि पुढच्या रविवारी परमप्रसादासाठी हात पुढे करताना ध्यानात ठेवू या की आपल्याला जे मिळते आहे, तेच खाटेवरच्या त्या आजाऱ्यालाही मिळणार आहे. प्रभूच्या घरी कुणाला शिळे वाढले जात नाही.